तीन प्रश्नचिन्हं

परवा नातीने फोनवर एक फोटो पाठवला. काळ्याभोर जमिनीवर पांढरे ठिपके, उभे-आडवे सारख्या अंतरावर, मधला जरा ठसठशीत. मी लगेच उलट लिहिलं, "ठिपके छान पडलेत गं, रेषा कधी जोडणार?" दोन मिनिटांत तिचा फोनच आला. तिला हसू आवरत नव्हतं. "आजी, ही रांगोळी नाहीये. हे ॲल्युमिनियम आहे!"

आमची नात धातूंचा अभ्यास करते. म्हणजे नक्की काय करते हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. पण तिच्या प्रयोगशाळेत माणसाहून उंच असा एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे आणि ती त्याच्यासमोर अंधारात तासन् तास बसते, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. "म्हणजे एकेक ठिपका हा एकेक अणू का गं?" मी विचारलं. "नाही आजी, अणू कसे ओळीने उभे आहेत त्याची ही खूण आहे," ती म्हणाली, आणि पुढे बरंच काही म्हणाली. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं.

मी इतिहास आणि मराठी घेऊन बी.ए. झालेली. विज्ञानातलं मला कळतं ते इतिहासाच्या वाटेनेच. माणूस कोण, साल कोणतं, गाडी कुठे अडली आणि कुणी पुढे ढकलली, हे समजलं की मग यंत्रही थोडंफार समजतं. ठिपक्यांची अशीच एक गोष्ट २०११ सालापासून माझ्या मनात आहे. ती आज सांगते. त्यात माझ्या आठवीच्या वर्गाचाही एक तुकडा आहे. तो मी घरीसुद्धा कधी सांगितलेला नाही.

आधी यंत्राविषयी. शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा बघायचा तो सूक्ष्मदर्शक तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. भिंगं कितीही चांगली केली तरी त्याला एक मर्यादा आहे. ती जर्मनीच्या एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिली. ज्या प्रकाशाने बघायचं, त्याच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक गोष्ट त्याने दिसत नाही. हातमोजे घालून मोहरी निवडायला बसण्यासारखंच ते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाने २०० नॅनोमीटरच्या आसपास गाडी थांबते. आणि अणू असतो नॅनोमीटरच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याएवढा. म्हणजे अणू त्या मर्यादेच्याही सहाशे-आठशे पट लहान!

१९३१ साली बर्लिनच्या तंत्रशाळेत माक्स क्नोल आणि त्यांचा तरुण विद्यार्थी एर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून पाहिला. काचेच्या भिंगाऐवजी तारेचं वेटोळं, म्हणजे चुंबकीय भिंग. झोताला हवेचा अडथळा नको म्हणून सगळा कारभार निर्वात नळीत. त्यांच्या पहिल्या यंत्राने वस्तू किती मोठी दिसली? जेमतेम १७ पट. पण तत्त्व सिद्ध झालं.

रुस्का यांनी पुढे नोबेलच्या भाषणात एक मजेशीर गोष्ट सांगितली आहे. इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो हे द ब्रॉय्‌ यांनी १९२४ सालीच मांडलं होतं, पण या दोघांच्या कानावर ते आलं नव्हतं. जेव्हा कळलं तेव्हा ते खट्टू झाले, की झालं, इथेही तरंगलांबी आडवी आली! मग त्यांनी हिशोब केला. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रकाशाच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास निघाली आणि जीव भांड्यात पडला. दोनच वर्षांत, १९३३ च्या अखेरीस, रुस्का यांच्या यंत्राने प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकलं. त्यांना नोबेल मिळालं १९८६ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी. ५५ वर्षं वाट पाहिली. पुढे दीडच वर्षात ते गेले.

या यंत्राची खरी खुबी मला नातीमुळे कळली. ते दोन प्रकारे दाखवतं. एक, वस्तूचं मोठं केलेलं चित्र. आणि त्याच जागेवरून यंत्र न हलवता, नुसत्या भिंगांतली वीज कमीजास्त करून, ठिपक्यांचा नमुना. त्याला विवर्तन म्हणतात. हे घरबसल्या बघता येतं. रात्री दूरच्या दिव्याकडे पातळ मलमलीच्या रुमालातून किंवा छत्रीच्या कापडातून बघा. दिव्याभोवती फुलीसारखी ठिपक्यांची रांग दिसेल. कापडाचे धागे उभे-आडवे, म्हणून ठिपकेही उभे-आडवे. धागा डोळ्यांना दिसत नाही, पण विणीची कुंडली ठिपक्यांत उतरते. कापडाच्या जागी धातूचा पापुद्रा ठेवा, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका पातळ, आणि दिव्याच्या जागी इलेक्ट्रॉनांचा झोत. मग अणूंची वीण कशी आहे ते ठिपके सांगतात.

आता रांगोळीकडे येऊ. ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे त्यांना माहीत आहे की ठिपके घालायचे दोनच प्रकार. एक सरळ ठिपके, ९ ओळी ९ ठिपके. दुसरे मधले ठिपके, ११ पासून दोन्ही अंगांना एकेक कमी करत ६ पर्यंत. सरळ ठिपक्यांचा पाट पाव वळसा फिरवला तर ठिपके पुन्हा जसेच्या तसे. मधल्या ठिपक्यांचा पाट वळशाच्या सहाव्या भागाइतका फिरवला तरी तसंच. निसर्गातले स्फटिकही याच शिस्तीत चालतात. एकच नमुना पुन्हा पुन्हा ठेवत सगळी जागा भरायची असेल, तर फिरवण्याच्या हिशोबाने दोनाची, तीनाची, चाराची आणि सहाची सममिती चालते. पाचाची चालत नाही. जास्वंदीला पाच पाकळ्या चालतात, तारामाशाला पाच हात चालतात, पण स्फटिकाला पाच बाजूंची शिस्त वर्ज्य.

कारण साधं आहे, आठवीच्या भूमितीतलं. फरश्या बसवताना एका बिंदूभोवती ३६० अंश भरले पाहिजेत. चौरसाचा कोन ९०, चार बसले. षटकोनाचा १२०, तीन बसले. पंचकोनाचा १०८. तीन ठेवले की ३२४ होतात, ३६ अंशांची फट उरते. चौथा मावत नाही. संपलं.

१९१२ साली लाऊए यांनी आणि पाठोपाठ ब्रॅग पितापुत्रांनी स्फटिकांतून क्ष-किरण पाठवून अणूंची वीण शोधायला सुरुवात केली. पुढची ७० वर्षं हजारो स्फटिक तपासले गेले आणि प्रत्येक जण या नियमात बसला. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत हे नियम म्हणून नव्हे, स्फटिकाची व्याख्या म्हणूनच छापलं जाऊ लागलं.

इथे माझा वर्ग येतो.

साल १९८४. मला ते पक्कं आठवतं, कारण इंदिराजींची हत्या होऊन दोनतीन आठवडेच झाले होते आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती उघडली होती. गणिताचे सर लांब रजेवर होते, म्हणून आठवीची भूमिती माझ्या गळ्यात पडली. मी रात्री पुस्तक वाचून सकाळी शिकवत असे. त्या दिवशी बहुभुजाकृतींचे कोन होते. मी फळ्यावर वरचाच हिशोब मांडला आणि ठसक्यात सांगितलं, "म्हणून पंचकोनी फरशी कधीही बसत नाही."

दुसऱ्या दिवशी एक मुलगा बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पंधरा-वीस पंचकोन घेऊन आला. त्याचे वडील शहाबादी फरशी बसवायचे, आणि तोही सुट्टीत त्यांच्या हाताखाली जायचा. त्याने बाकावर पंचकोन मांडले आणि ३६ अंशांच्या फटीत पुठ्ठ्याचे चिंचोळे, चार बाजूंचे तुकडे बसवले. "बाई, हे मधे घातलं की बसतं. आणि सगळीकडे बसत जातं."

मी काय करायला हवं होतं? जवळ जाऊन बघायला हवं होतं. पण मला पुढचा धडा उरकायचा होता. आणि खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे आठवीच्या वर्गापुढे दिसू द्यायचं नव्हतं. ते तुकडे पाहून मी म्हणाले, "दिवाळी संपली, आता शंकरपाळे पुरे!" वर्ग खदखदून हसला. मुलाने तुकडे गोळा करून दप्तरात टाकले. पुढे वर्षभर त्याने मला भूमितीतलं काही विचारलं नाही. दहावीनंतर तो वडिलांबरोबर कामाला लागला.

असो. ही गोष्ट मी विसरूनही गेले होते. ती आठवली २७ वर्षांनी. ६ ऑक्टोबर २०११, दसऱ्याची सकाळ. पाटीवर सरस्वती काढून झाली होती, फुलं वाहायची होती, आणि वर्तमानपत्रात रसायनशास्त्राच्या नोबेलची बातमी होती. डॅनियल शेख्टमन, इस्राएल. शोध काय, तर ज्यात पाच बाजूंची सममिती आहे अशी धातूची रचना. मी चहा तसाच ठेवून बातमी पुन्हा वाचली.

शेख्टमन हायफाच्या टेक्निऑन संस्थेतले. १९८१ ते १९८३ या काळात ते अमेरिकेत गेथर्सबर्ग इथल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत पाहुणे संशोधक होते. काम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं. वितळलेल्या धातूची धार गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडायची, की ती सेकंदाला लाखो अंश या वेगाने निवते आणि पातळ फितीसारखी बाहेर पडते. इतक्या घाईत निवताना अणूंना नेहमीच्या जागा गाठायला सवड मिळत नाही, म्हणून काहीतरी नवं हाती लागण्याची शक्यता. ८ एप्रिल १९८२ रोजी त्यांनी ॲल्युमिनियम-मँगनीजची अशी एक फीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मँगनीज इतकं, की तो धातू ठिसूळ, व्यवहारात काही कामाचा नाही. तरीही बघितलं.

चित्रावरून यंत्र ठिपक्यांवर वळवलं, तर मध्यबिंदूभोवती ठिपक्यांचं गोल कडं. त्यांनी मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच. असा प्राणी असूच शकत नाही, असं ते स्वतःशीच हिब्रूत म्हणाले, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. कुणाला तरी दाखवावं म्हणून बाहेर आले तर व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. मग परत आत येऊन त्यांनी नोंदवहीत १७२५ क्रमांकाच्या छायाचित्रापुढे लिहिलं, "१० वेळा", आणि त्यापुढे तीन प्रश्नचिन्हं.

ती वही आजही आहे, त्या पानाचे फोटो निघाले आहेत. मी ते पान संगणकावर कितीदा पाहिलं असेल! एका बाजूला "अशक्य" आणि दुसऱ्या बाजूला "शोध लागला" हे दोन्ही शब्द जवळ असताना त्या माणसाने प्रश्नचिन्हं लिहिली. एक नाही, तीन.

आणि लिहून ते थांबले नाहीत. जाणकार मनुष्य अशा वेळी पहिली शंका घेतो ती जुळ्या स्फटिकांची. पाच साधे स्फटिक केकच्या तुकड्यांसारखे एकमेकांना चिकटलेले असले, तर त्यांचे ठिपके एकत्र येऊन दहाचा भास होऊ शकतो. ही शंका तपासायची सोय याच यंत्रात आहे. दहांपैकी एकच ठिपका निवडायचा, बाकीचे झाकायचे आणि त्या एका ठिपक्याच्या किरणांनी चित्र उमटवायचं. जुळे असतील तर कणाची एकच फाक उजळेल. इथे सगळा कण उजळला. मग झोत बारीक करत कणाच्या लहान लहान भागांवर सोडला, तरी तेच दहा ठिपके. नमुना कलता करून सगळ्या बाजूंनी पाहिलं. जुन्या फुटबॉलवर काळे पंचकोन जसे असतात ना, नेमकी तशीच सममिती निघाली.

क्ष-किरणवाल्यांना हे ७० वर्षांत का दिसलं नाही, त्याचं एक कारण इथेच आहे. त्यांना डोळ्यांना दिसेल एवढा तरी स्फटिक लागायचा. हे कण मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे. एवढ्याशा कणाला एकटं गाठून त्याची कुंडली मांडणारं यंत्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच. पण त्यामुळेच स्फटिकशास्त्राच्या जुन्याजाणत्या मंडळींना हा पुरावा कच्चा वाटला. त्यांचा विश्वास क्ष-किरणांवर.

पुढे जे झालं ते शेख्टमन यांच्याच सांगण्यावरून जगाला ठाऊक आहे. ज्यांच्या निमंत्रणावरून ते तिथे गेले होते त्या जॉन कान यांनीही आधी हे जुळे स्फटिक आहेत म्हणून त्यांना वाटेला लावलं. गटप्रमुखांनी टेबलावर पाठ्यपुस्तक आणून ठेवलं आणि वाचायला सांगितलं. शेख्टमन म्हणाले, हे पुस्तक मी शिकवतो. काही दिवसांनी त्यांना गट सोडायला सांगण्यात आलं, कारण त्यांच्यामुळे गटाची अब्रू जात होती. मायदेशी परतल्यावर सहकारी इलान ब्लेख यांच्याबरोबर लिहिलेला पहिला निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला. अखेर जॉन कान यांचंच मत बदललं. फ्रान्सचे देनी ग्रातिआस यांनाही सोबत घेऊन चौघांनी छोटा निबंध लिहिला, आणि तो छापून आला १२ नोव्हेंबर १९८४ रोजी.

तारीख वाचून मी दचकले. मी शंकरपाळ्यांवरून विनोद केला ते हेच दिवस.

पण हिशोब खोटा कसा ठरला? ३६ अंशांची फट तर कुठे गेली नाही. भूमिती खोटी नव्हती. खोटं होतं ते एक गृहीतक, की नीटनेटकेपणा म्हणजे एकाच नमुन्याची पुनरावृत्ती. हे मला कळलं ते वृत्तांच्या मात्रांमुळे. गुरूला गा म्हणू, लघूला ल. पहिली ओळ गा. दुसरी गाल. आता नियम एवढाच, की पुढची ओळ म्हणजे आधीच्या दोन ओळी जोडून. गालगा. मग गालगागाल. मग गालगागालगालगा. असं कितीही लांब जा. पुढचं अक्षर कोणतं हे नियम अचूक सांगतो, पण "इथून पुढे पुन्हा तेच" असं कधीच म्हणता येत नाही. शिस्त पूर्ण, आवर्तन मात्र नाही. ओळीतली अक्षरं मोजा, १, २, ३, ५, ८. अमुक मात्रांच्या किती रचना होतील हे मोजताना बाराव्या शतकात हेमचंद्राने हीच संख्यामाला सांगितली होती, फिबोनात्चीच्याही आधी. आणि शेख्टमन यांच्या छायाचित्रात मध्यापासून ठिपक्यांची अंतरं मोजली तर ती सारख्या पावलांनी वाढत नाहीत, या मालेतल्या लागोपाठच्या आकड्यांचं जे गुणोत्तर होत जातं, १.६१८, त्या पटीने वाढतात. अशा रचनेला त्याच वर्षअखेरीस लेविन आणि स्टाइनहार्ट यांनी नाव दिलं, क्वासिक्रिस्टल.

फरशीच्या बाबतीत हेच कोडं ब्रिटनच्या रॉजर पेनरोज यांनी १९७४ सालीच सोडवलं होतं. त्यांच्या एका रचनेत दोनच आकाराच्या फरश्या लागतात, आणि त्या ठरावीक नियमाने मांडल्या तर जमीन पूर्ण भरते, पाचाची सममिती जागोजागी दिसते, पण नमुना कधी जसाच्या तसा पुन्हा येत नाही. मुलाने मला ते चित्र संगणकावर काढून दिलं. दोन्ही फरश्या समभुज चौकोन. जाडीचे कोन ७२ आणि १०८. बारकीचे ३६ आणि १४४.

बारकी फरशी म्हणजे तोच पुठ्ठ्याचा शंकरपाळा.

मी उगीच गोष्ट फुगवत नाही. त्या मुलाने काही शोध लावला नव्हता. पंचकोन आणि शंकरपाळे मिळून साधा, पुन्हा पुन्हा येणारा नमुनाही होतो, आणि त्याचा बहुधा तसाच झाला असता. जर्मन चित्रकार ड्यूरर यांनी १५२५ सालच्या पुस्तकात असे नमुने काढले आहेत. ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या केप्लर यांनी १६१९ साली पंचकोनांनी जमीन भरायची खटपट केली आहे. पण म्हणजे तेरा वर्षांचा तो पोरगा ड्यूरर आणि केप्लर यांच्या पंक्तीला बसून त्याच प्रश्नावर डोकं लावत होता. आणि वाढायला उभी होते मी!

आपल्याकडचीही एक नोंद आहे. बनारसच्या धातुशास्त्रज्ञांनी बेल्जियमच्या सहकाऱ्यांबरोबर १९७८ साली ॲल्युमिनियम-पॅलॅडियमच्या मिश्रधातूवर निबंध छापला, त्यात याच वळणाचं इलेक्ट्रॉन विवर्तनाचं चित्र होतं. त्याचा अर्थ तेव्हा नेहमीच्या स्फटिकांच्या चौकटीतच लावला गेला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ७० वर्षांचा नियम समोर असताना कुणीही तेच केलं असतं. पुढे १९८५ पासून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये या विषयावर भरीव काम झालं.

शेख्टमन यांचे सर्वांत मोठे विरोधक लायनस पाउलिंग. रसायनशास्त्राचं आणि शांततेचं, अशी दोन नोबेलं मिळवलेला माणूस. हे जुळे स्फटिकच आहेत असं ते १९९४ साली जाईपर्यंत म्हणत राहिले. पण १९८७ पर्यंत क्ष-किरणांना पुरेल एवढे मोठे क्वासिक्रिस्टल फ्रान्स आणि जपानमध्ये तयार झाले होते आणि वाद बहुतेकांपुरता मिटला होता. १९९२ साली स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली. "एकाच नमुन्याची पुनरावृत्ती" हे शब्द गेले, आणि ज्याच्या विवर्तनात सुटे, स्पष्ट ठिपके दिसतात तो स्फटिक, अशा अर्थाची नवी व्याख्या आली. ठिपक्यांनी पुस्तक बदलायला लावलं. पुढे २००९ साली रशियाच्या अतिपूर्वेकडच्या एका दगडात नैसर्गिक क्वासिक्रिस्टलही सापडला, आणि तो दगड उल्केचा निघाला. म्हणजे जे असूच शकत नाही असं आपण शिकवत होतो, ते आकाशातून येऊन पडलेलं होतं.

शंका घेणं चूक नव्हतं. कान यांनीही घेतली, शेख्टमन यांनी तर स्वतःच्याच डोळ्यांवर घेतली. शंका घेणारा जवळ येऊन बघतो. मी बघितलं नाही, हसले. ३५ वर्षं शिकवलं, पण हा फरक मला निवृत्तीनंतर कळला.

२०११ सालीच त्या मुलाला शोधायला हवं होतं. लाज वाटली म्हणून शोधलं नाही. परवा नातीचे ठिपके पाहिल्यावर मात्र राहवलं नाही. गावाकडच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून नंबर मिळाला. आता तो पन्नाशी उलटलेला आहे, पुण्यात फरशीची कंत्राटं घेतो, हाताखाली आठ माणसं आहेत. "बाई! तब्येत कशी आहे?" आवाज एकदम तोच. मी सगळं सांगितलं, पुठ्ठा, पंचकोन, शंकरपाळे आणि माझा विनोद. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही बाई, आठवत नाही मला. तुम्ही आग्र्याहून सुटका शिकवली होती ते आठवतंय."

ज्याला आठवतच नाही त्याची माफी कशी मागायची, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. तरी मागितली. त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "अहो बाई, पाचकोनी फरशी तशीही परवडत नाही, कापताना तुकडे फार वाया जातात," असं म्हणून त्याने मलाच सावरून घेतलं.

फोन ठेवल्यावर मी त्याला पेनरोज यांच्या फरशीचं चित्र पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. तासाभराने त्याचा निरोप आला.

"बाई, नीट बघितलं. एवढी नक्षी दिसते, पण मापं दोनच आहेत. हे बसवता येईल."